नव्या कोळ्याचें बारसें

दिवाळी जवळ आली म्हणजे घरोघर लांब काठीला केरसुणी बांधून आढ्याचीं व कोपऱ्यांचीं जळमटें काढण्याची धांदल सुरू होते. कोळी या प्राण्याशीं सुशिक्षित कुटुंबाचा जो कांहीं संबंध येतो तो बहुधा एवढाच. ज्यानें तें जाळें विणलें त्याची चौकशी करण्याची कोणास गरज भासत नाहीं. आणि भासली तरी 'कोळी' या एका शब्दानें ती पुरी होते. प्राणिशास्त्राचें समाधान मात्र एवढ्यानें होत नाहीं. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील निसर्गेतिहास संग्रहालयाकडून जगांतील सर्व ज्ञात कोळ्यांची एक सूचि ठेवली जाते. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यांत तींत ५०,००० व्या जातीची नोंद झाली. एवढ्या नोंदी होण्यास सुमारे २६५ वर्षें लागलीं. आणि या विषयांतील जाणत्यांचा अंदाज असा आहे कीं, जवळजवळ तितक्याच जाती अजून नांवावांचून राहिल्या असाव्यात.

ज्यास नांव नाहीं त्याचा हिशेब ठेवतां येत नाहीं. तो कोठें राहतो, काय खातो, पूर्वीं होता तितकाच आज आहे कीं कमी झाला, यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर नांवावांचून नीट देतां येत नाहीं; कारण उत्तर कोणाविषयीं दिलें हेंच मुळीं ठरत नाहीं. म्हणून 'नवी जाति सांपडली' ही वर्तमानपत्रांतील दोन ओळींची बातमी प्राणिशास्त्रज्ञाच्या दृष्टीनें एका लांबलचक कामाचा शेवट असते, आणि त्याहून लांब अशा दुसऱ्या कामाचा आरंभ असते. हें काम कसें चालतें तें मादागास्कर बेटावरील एका कोळ्याच्या उदाहरणावरून चांगलें समजतें.

सर्वच कोळी एकसारखें जाळें विणीत नाहींत. पुष्कळसे तर भक्ष्य पकडण्यासाठीं जाळें विणीतच नाहींत. घराच्या कोपऱ्यांत दिसणारें जळमट विस्कळित असतें. पावसाळा सरत आला म्हणजे कुंपणावर किंवा दोन झुडपांच्या मध्यें, पहाटेच्या दंवानें चमकणारें, गाडीच्या चाकासारखें जें जाळें दिसतें तें निराळ्या कोळ्यांचें. चक्राकार जाळीं विणणाऱ्या कोळ्यांच्या सर्वांत मोठ्या कुळांत तीन हजारांहून अधिक जाती आहेत. हें चाक ठराविक क्रमानें तयार होतें. कोळी प्रथम उंच जागीं बसून वाऱ्यावर एक तंतु सोडतो. तो पलीकडे कोठें तरी चिकटला म्हणजे पूल झाला. त्या पुलाच्या मध्यापासून खालीं तंतु ओढून घेतला कीं तिठ्यासारखी एक आकृति होते, आणि तिचा मध्य हाच पुढें चाकाचा मध्य ठरतो. मग चौकट बांधून होते व मध्यापासून चौकटीपर्यंत आरे ओढले जातात. त्यानंतर मध्याकडून बाहेर जाणारा कोरड्या धाग्याचा एक विरळ फेरा पडतो. गवंड्याची परांची असते तसा हा तात्पुरता असतो. त्याच्या आधारानें कोळी बाहेरून आंत येत चिकट धाग्याचे दाट फेरे घालतो आणि येतां येतां परांची काढून टाकतो. पुष्कळ जाती जुनें झालेलें जाळें स्वतःच खाऊन टाकतात आणि त्यांतील द्रव्य पुन्हां नव्या धाग्याच्या कामीं लावतात.

असें चाक सामान्यतः वीतभर, फार तर हातभर व्यासाचें असतें. म्हणून मादागास्करच्या नद्यांवर जें दिसलें तें असामान्य होतें.

मादागास्कर हें आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरांत असलेलें मोठें बेट. एके काळीं तें आपल्या भारताच्या भूखंडाशीं जोडलेलें होतें. सुमारे ८ कोटि ८० लक्ष वर्षांपूर्वीं दोहोंची ताटातूट झाली. तेव्हांपासून तेथील जीवसृष्टि आपल्याच वाटेनें वाढत गेली, आणि म्हणून तेथील बहुसंख्य प्राणी व वनस्पति जगांत अन्यत्र आढळत नाहींत. बेटाच्या पूर्व भागांत अंदासिबे-मंतादिया नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील अरण्य सदा ओलें, दाट. इंद्री हा लेमूर कुळांतील सर्वांत मोठा प्राणी याच भागांतला. या अरण्यांतील ओढ्यांवर, नद्यांवर व तळ्यांवर एका कोळ्याचीं जाळीं पसरलेलीं असतात. या कांठावरच्या झाडापासून त्या कांठावरच्या झाडापर्यंत एक तंतु गेलेला असतो. त्याची लांबी कधीं कधीं २५ मीटर, म्हणजे ८० फुटांहून थोडी अधिक भरते. त्या तंतूच्या आधारानें प्रवाहाच्या मधोमध, पाण्यावर, चाक टांगलेलें असतें. मोजलेल्या चाकांपैकीं सर्वांत मोठ्या चाकाचें क्षेत्रफळ २८,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका ऐसपैस पलंगाएवढें आहे. आणि हें सर्व विणणारी मादी मात्र १८ ते २२ मिलिमीटर लांबीची, बोटाच्या एका पेराएवढी! नर तर याहूनही लहान. त्याची लांबी सुमारें ६ मिलिमीटर.

या कोळ्याचा अभ्यास हातीं घेतला तो दोघांनीं. एक स्लोव्हेनियाच्या शास्त्र व कला अकादमीचे मत्याझ कुंटनर. दुसरे मूळचे आइसलंडचे, पण त्या वेळीं पोर्तो रिको विद्यापीठांत असलेले इंगी आग्नार्सन. जाळें अपूर्व होतें यांत शंका नव्हती. पण जाळें अपूर्व म्हणून विणणारा नवा, असा न्याय प्राणिशास्त्रांत चालत नाहीं. एखाद्या ज्ञात जातीचाच हा एक विशेष उद्योग असूं शकेल. म्हणून पहिला प्रश्न हा कीं, या प्राण्यास पूर्वींच कोणी नांव देऊन ठेवलें आहे काय?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ १ जानेवारी १७५८ पासून धरतात. कारण त्या वर्षीं लिनीअस या स्वीडिश पंडिताच्या 'सिस्टेमा नातुरे' या ग्रंथाची दहावी आवृत्ति निघाली. कोळ्यांच्या बाबतींत मात्र एक अपवाद आहे. लिनीअसचाच देशबंधु कार्ल क्लेर्क यानें १७५७ मध्यें स्वीडनमधील कोळ्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि त्यांतील नांवें इतकीं व्यवस्थित होतीं कीं आंतरराष्ट्रीय नियमांनीं त्यांस लिनीअसच्याही आधीचा मान दिला आहे. युरोपच्या बागांतून दिसणाऱ्या, पाठीवर पांढरी फुली असलेल्या चक्रकोळ्याचें शास्त्रीय नांव क्लेर्कनेंच ठेवलेलें आहे. तेव्हांपासून आजवर जें जें नांव नियमाप्रमाणें प्रसिद्ध झालें असेल, मग तें कोणत्याही भाषेंतील कितीही अप्रसिद्ध मासिकांत असो, तें विचारांत घ्यावेंच लागतें. एकाच जातीस दोघांनीं दोन नांवें दिलीं असतील तर सामान्यतः आधीचें नांव टिकतें व नंतरचें रद्द होतें. अशीं रद्द झालेलीं नांवें थोडीं नसतात. आपल्या सह्याद्रींत व कोंकणांत पावसाळ्याच्या शेवटीं सोनेरी तंतूंचें मोठें जाळें विणून मध्यभागीं बसलेली जी थोराड काळी-पिवळी मादी दिसते, तिच्या 'नेफिला' या गणांत गेल्या अडीचशें वर्षांत दीडशेंहून अधिक नांवें दिलीं गेलीं होतीं. २००९ सालीं तपासणीअंतीं त्यांतील अवघीं १५ खरीं ठरलीं. बाकीचीं नांवें एकाच प्राण्याचीं दुबार-तिबार झालेलीं बारशीं होतीं.

याच नेफिला गणाची एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. कारण नव्या जातीचा निर्णय किती धीरानें घ्यावा लागतो तें तीवरून दिसतें. दक्षिण आफ्रिकेंत सोडवाना उपसागराच्या कांठीं १९७८ मध्यें एक मोठी मादी पकडली गेली व प्रिटोरिया येथील संग्रहांत बाटलींत ठेवली गेली. २००० सालीं कुंटनर यांच्या नजरेस ती पडली. ती कोणत्याच ज्ञात जातीशीं जुळेना. पण एकच नमुना. तो एखाद्या विकृत प्राण्याचा किंवा दोन जातींच्या संकराचा नसेल कशावरून? शोधासाठीं निघालेल्या मोहिमा रिकाम्या हातानें परतल्या. ३७ संग्रहालयांतील २,५०० हून अधिक नमुने तपासले गेले, तरीही तिचा जोड मिळेना. ही जाति नष्टच झाली असावी असें वाटूं लागलें. पुढें २००३ मध्यें मादागास्करमधून आलेला एक नमुना व्हिएन्नाच्या संग्रहांत आढळला. आणि त्यानंतर दक्षिण आफ्रिकेंतील टेंबे हत्ती उद्यानांत तीन जिवंत कोळी सांपडले. तेव्हां कोठें २००९ सालीं तिला नांव मिळालें, आणि तें कुंटनर यांच्या एका दिवंगत स्नेह्याच्या स्मरणार्थ ठेवण्यांत आलें. तिच्या शरीराची लांबी ३.८ सेंटिमीटर, आपल्या गणांतली ती सर्वांत मोठी. इतका मोठा प्राणी बावीस वर्षें एका शहरांतील कपाटांत अनामिक पडून होता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मादागास्करच्या नदीवरील कोळ्याच्या बाबतींत गण कोणता हें लवकर ठरलें. तो 'कायरोस्ट्रिस' या गणांतला. या गणांतील कोळी दिवसा डहाळीस घट्ट चिकटून बसतात. त्यांच्या पाठीवर उंचवटे असतात, रंग करडा-तपकिरी असतो, आणि त्यामुळें ते सुकलेल्या सालीचा तुकडा किंवा मोडलेल्या फांदीचें खुंट भासतात. यामुळेंच त्यांस 'सालीचे कोळी' म्हणतात. या गणांत त्या वेळीं अकरा जाती मानल्या जात. म्हणजे हा बारावा कीं अकरांपैकींच एक, असा वाद होता. आणि त्याचा निकाल बाह्य रूपावरून लागण्यासारखा नव्हता. ज्या प्राण्यानें सालीचें सोंग घेतलें आहे त्याचें रूप जागोजागच्या सालीप्रमाणें बदलतें. एकाच जातीच्या दोन माद्यांचे उंचवटे व रंग निराळे असूं शकतात, आणि दोन भिन्न जातींच्या माद्या सारख्या दिसूं शकतात.

अशा वेळीं कोळ्यांचे अभ्यासक ज्या पुराव्याकडे वळतात तो जननेंद्रियांचा. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूस, जननद्वारावर, एक कठीण पत्रा असतो. नराच्या तोंडाजवळ आखूड पायांसारखे दोन अवयव असतात. त्यांच्या टोकास बीज सोडण्याची एक गुंतागुंतीची रचना असते. दोहोंची घडण एकमेकांस अनुरूप असते व प्रत्येक जातींत बहुधा निराळी असते. शेवटची कात टाकून प्राणी वयांत आल्याखेरीज हे अवयव पूर्ण तयार होत नाहींत. त्यामुळें पिल्लू हातांत आलें तर निष्णात अभ्यासकालाही पुष्कळदां त्याची जाति सांगतां येत नाहीं. नर व मादी यांच्या आकारांत जेथें तिपटीचें अंतर आहे तेथें हा बारका नर याच मादीचा, हेंही सिद्ध करावें लागतें. त्यासाठीं दोघे एकत्र कोठें सांपडले हें पाहतात, आणि अलीकडे डीएनएच्या तुलनेचाही आधार घेतात.

पुराव्याची मांडणी हें पुढचें काम. नमुने मद्यार्कांत ठेवतात. प्रत्येक बाटलींत एक चिठ्ठी असते. तींत ठिकाण, उंची, तारीख व पकडणाऱ्याचें नांव लिहिलेलें असतें. चिठ्ठी हरवली तर नमुन्याची किंमत जवळजवळ शून्य होते. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं शरीराचा प्रत्येक भाग व प्रत्येक पायाचा प्रत्येक सांधा मिलिमीटरच्या अंशांपर्यंत मोजतात. जननेंद्रियांच्या आकृति निरनिराळ्या बाजूंनीं काढतात. छायाचित्राची सोय झाली तरी हातानें काढलेल्या आकृतीचें महत्त्व गेलेलें नाहीं. कारण छायाचित्र सर्वच दाखवितें, आकृति मात्र पाहण्यासारखें काय तें दाखविते. मग एक परिच्छेद असा लिहितात कीं, ही जाति तिच्या जवळच्या जातींहून नेमकी कोणत्या लक्षणांनीं ओळखावी. सगळ्या लेखाचा कस याच परिच्छेदांत लागतो. शेवटीं एक नमुना मूळ नमुना म्हणून निवडून सार्वजनिक संग्रहांत ठेवतात. नांव कायमचें त्या एका नमुन्यास बांधलेलें असतें. पुढें कोणासही शंका आली तर त्यानें तो मागवून पाहावा, आणि वर्णन चुकलें असें दिसल्यास तसें सिद्ध करावें. ज्यानें नांव दिलें त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची कोणावर सक्ति नसते. ज्यानें तें खोडलें त्याच्या शब्दावरही नसते. दोघांमध्यें ती बाटली साक्षीस उभी असते.

या सर्वांतून पार पडल्यावर नदीवरचा कोळी नवा ठरला, आणि त्याच्या बारशाची वेळ आली. नांव दोन शब्दांचें असावें लागतें. पहिला शब्द गणाचा, दुसरा जातीचा. दुसरा शब्द निवडण्यास नांव देणारा मोकळा असतो, फक्त त्यानें स्वतःचें नांव देऊं नये असा शिष्टाचार आहे. वर्णनाचें हें काम चाललें होतें तेव्हां २००९ साल होतें. चार्ल्स डार्विन याचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजीं प्रसिद्ध झाला होता. त्यास बरोबर १५० वर्षें पुरीं होत होतीं. तें निमित्त साधून जातीस 'कायरोस्ट्रिस डार्विनी' असें नांव देण्यांत आलें, आणि २०१० मध्यें तें रीतसर छापून निघालें.

बारशाच्या या मोकळीकीचा उपयोग आपल्या देशांतही कल्पकतेनें झालेला आहे. कर्नाटकांतील सह्याद्रीच्या रानांत सांपडलेल्या, वाळक्या पानासारख्या दिसणाऱ्या ७ मिलिमीटर लांबीच्या एका चक्रकोळ्याचें वर्णन जावेद अहमद, राजश्री खळप व सुमुख जवागल यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचा आकार एका प्रसिद्ध इंग्रजी बालकथेंतील जादूच्या टोकदार टोपीसारखा. म्हणून त्या टोपीच्या कथेंतील मालकाच्या नांवावरून त्याचें नांव 'एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरी' असें ठेवण्यांत आलें. ठाणें-कल्याण भागांत सांपडलेल्या दुसऱ्या एका कोळ्यास २०२१ मध्यें 'इसिअस तुकारामी' हें नांव मिळालें. तो जाळें विणणारा नव्हे, उडी मारून भक्ष्य पकडणारा आहे. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवरील हल्ल्याच्या वेळीं हातांत केवळ काठी असतांना अतिरेक्याची बंदूक घट्ट धरून ठेवणारे व त्यांत प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तें नांव आहे. प्राणिशास्त्राचे नियम पाळले जातील तोंपर्यंत तें नांव जगांतील प्रत्येक सूचींत राहील.

डार्विनच्या कोळ्यास नांव मिळाल्यावर खरी चौकशी सुरू झाली. पहिला प्रश्न अर्थातच हा कीं, न पोहणारा, न उडणारा हा प्राणी नदीपलीकडे जातो कसा? निरीक्षणानंतर २०११ मध्यें त्याचें उत्तर प्रसिद्ध झालें. मादी कांठावर बसून इतर चक्रकोळ्यांच्या मानानें फारच मोठ्या प्रमाणांत तंतु वाऱ्यावर सोडते. वारा तो पाण्यापलीकडे नेतो, आणि कोठें तरी तो अडकतो. इतर कोळी चाकासाठीं जागा निवडतांना बरीच टेहळणी करतात. ही जवळजवळ करीतच नाहीं. नदीच्या मधोमध टेहळणीस जागाच कोठें आहे? इतरांच्या जाळ्याचा मध्य मूळ पुलावर आधारलेला असतो. हिचें चाक पुलाच्या खालीं निराळा मध्य धरून बांधलें जातें, आणि पूल जाड करून अनेक दिवस वापरला जातो. शिवाय चाकाच्या वरच्या अर्ध्या भागांतील आरे दुहेरी असतात, कारण भार त्यांवर पडतो. पुलाच्या बांधणीचें इतकें तंत्र एका पेराएवढ्या प्राण्यास अवगत आहे, आणि तें त्याला कोणी शिकविलेलें नाहीं.

दुसरा प्रश्न तंतूचा. ८० फूट लांब पूल आणि त्याखालीं पलंगाएवढें चाक ज्या धाग्यानें तोलावयाचें तो धागा सामान्य असून भागणार नाहीं. कुंटनर व आग्नार्सन यांनीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन विद्यापीठाचे टॉड ब्लॅकलेज यांच्या साह्यानें त्याची परीक्षा केली. येथें ताकद व चिवटपणा यांतील फरक ध्यानांत घेतला पाहिजे. धागा तुटण्यापूर्वीं किती ओढ सोसतो ती त्याची ताकद. आणि तुटण्यापूर्वीं किती ऊर्जा पोटांत घेतो तो त्याचा चिवटपणा. पोलादाची तार ओढ पुष्कळ सोसते पण ताणली जात नाहीं. रबर पुष्कळ ताणलें जातें पण ओढ सोसत नाहीं. ज्याला दोन्ही साधतें तो चिवट. क्रिकेटमधील कसलेला खेळाडू वेगानें आलेला चेंडू हात मागें नेऊन झेलतो, तसा चिवट धागा वेगानें आदळणारा कीटक ताणला जाऊन झेलतो. डार्विनच्या कोळ्याचा तंतु तोडण्यास दर घनमीटरमागें सरासरी ३५० मेगाजूल ऊर्जा लागली, आणि कांहीं धाग्यांस ५२० मेगाजूलपर्यंत लागली. तोंपर्यंत मोजलेल्या कोणत्याही रेशमाच्या दुपटीहून हें अधिक होतें. आणि बंदुकीच्या गोळीपासून रक्षण करणारीं जाकिटें ज्या केव्हलार नांवाच्या कृत्रिम धाग्याचीं करतात त्याच्या दहापटींहून यांतील उत्तम धागे चिवट ठरले. निसर्गांत आढळलेलें सर्वांत चिवट द्रव्य असें या रेशमाचें वर्णन २०१० सालीं करण्यांत आलें. पुढें २०१९ मध्यें या कोळ्याच्या रेशीमग्रंथींची तपासणी झाली. इतर कोळ्यांच्या रेशमांतील नेहमींच्या दोन प्रकारच्या प्रथिनांखेरीज येथें आणखी एक निराळें प्रथिन आढळलें, आणि द्रवरूप रेशमाचा धागा ज्या नळींत घडतो ती नळीही विशेष लांब असल्याचें दिसून आलें.

एवढें बळकट जाळें कशासाठीं? पक्षी किंवा वटवाघूळ पकडण्यासाठीं असावें, अशी कल्पना साहजिकच कोणाच्याही मनांत येईल. निरीक्षणानें तिला पुष्टि मिळाली नाहीं. जाळ्यांत सांपडले ते कीटकच, आणि तेही बहुतेक लहान किंवा मध्यम आकाराचे. एका जाळ्यांत एकाच वेळीं मेफ्लाय नांवाचे, पाण्यांतून निघून अल्पकाळ उडणारे ३२ कीटक मोजले गेले. तेव्हां एवढ्या थोर रेशमाचें कारण मोठ्या भक्ष्यापेक्षां जागेंत शोधावें हें अधिक सयुक्तिक दिसतें. प्रवाहावरच्या मोकळ्या हवेंतून कीटकांची रहदारी चालते. तेथें दुसरा कोणी चक्रकोळी जाळें टाकूं शकत नाहीं. जो नदी ओलांडूं शकला त्याला ती सर्व वाट एकट्यास मिळाली. पण ओलांडण्यासाठीं तसा धागा हवा होता.

एका जातीची नीट ओळख झाली म्हणजे तिच्या शेजाऱ्यांकडेही लक्ष जातें. २०१५ मध्यें याच गणांतील आणखी सहा नव्या जातींचें वर्णन आफ्रिका व मादागास्कर येथून प्रसिद्ध झालें, आणि बाराच्या अठरा जाती झाल्या. आपल्या देशांत चक्रकोळ्यांच्या कुळावर बिनय कृष्ण टिकादर यांनीं भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या ग्रंथमालेंत १९८२ मध्यें लिहिलेलें पुस्तक अजूनही अभ्यासकांच्या हातीं असतें. त्यानंतर सांपडलेल्या जातींची नोंद त्यांत अर्थातच नाहीं, आणि सह्याद्रीच्या रानांतून अशा नोंदींची भर पडतच आहे.

परंतु या नोंदींस काळाची मर्यादा आहे. मादागास्करमधील नैसर्गिक वनांपैकीं सुमारें ४४ टक्के वन १९५३ ते २०१४ या अवघ्या साठ-एकसष्ट वर्षांत नाहींसें झालें. शेतीसाठीं जाळलेल्या व सरपणासाठीं तोडलेल्या त्या रानांत किती जाती होत्या तें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. कारण त्यांतील पुष्कळांचें बारसेंच झालेलें नव्हतें. जें नांवानिशीं गेलें त्याचा निदान शोक तरी करतां येतो.

नांव मिळालें म्हणजे प्राणी वांचला, असेंही नाहीं. डार्विनच्या कोळ्याचा मूळ नमुना मद्यार्कांत नीट ठेवल्यास पिढ्यान् पिढ्या टिकेल, आणि त्याचें वर्णन ग्रंथालयांतून राहील. त्या बाटलीवरून त्याच्या पायांची लांबी कोणीही पुन्हां मोजूं शकेल. पण मादी वाऱ्यावर किती तंतु सोडते, पूल किती दिवस टिकवते, आरे कोठें दुहेरी करते, यांतलें कांहींच त्या बाटलींत नाहीं. तें समजलें तें अंदासिबेच्या अरण्यांत नदी वाहत होती आणि तिच्या दोन्ही कांठांवर झाडें उभीं होतीं म्हणून. एका कांठावरचीं झाडें तुटलीं तर तंतु सोडण्यास जागा उरेल, पण तो जाऊन अडकण्यास कांहीं उरणार नाहीं.